शेवळं खाजली, करटोली धरली नाहीत: रानभाज्यांबद्दल तुमचे प्रश्न

पाऊस सुरू झाला आणि तुमच्या पत्रांचा नि मेल्सचा ढीग लागला, त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न रानभाज्यांचे, म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून एवढाच विषय घेतलाय. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं पण रानभाज्या तिथे नाही शिकले, त्या शिकले कर्जतच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या एका ठाकर मावशींकडून, त्यामुळे उत्तरांमध्ये त्या अधूनमधून येतील. आणि औषधाचं विचारणाऱ्यांना आधीच सांगते की मी वैद्य नाही. झाड कुठलं, ओळखायचं कसं, लोक ते कशासाठी वापरत आलेत, कुठे जपायचं, एवढं सांगेन. किती चमचे घ्यायचं ते वैद्यांना विचारा.

प्रश्न: ताई, स्टेशनबाहेर शेवळाच्या दोन जुड्या मिळाल्या, व्हिडिओ बघून भाजी केली, चव छान होती पण चार घास खाल्ल्यावर सगळ्यांचे घसे खाजायला लागले. सासूबाई म्हणाल्या काकडं घातली नाहीस म्हणून. काकडं म्हणजे काकडी का? आणि ही भाजी विषारी असते का? (ठाणे)

काकडं म्हणजे काकडी नाही हो, काकड नावाचं एक जंगली झाड असतं त्याची ती हिरवी आंबट फळं, आवळ्यासारखी दिसतात. शेवळं विकणाऱ्या बाईच्या टोपलीत बाजूलाच त्यांचा वाटा लावलेला असतो आणि ती आपणहून विचारते, "काकडं घेतलीस का गं?" तुम्ही बहुतेक घाईत नको म्हणालात. सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे.

शेवळं सुरणाच्या कुळातलीच. जमिनीत कंद असतो, मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या पहिल्या सरींना त्यातून नुसता फुलोरा वर येतो, पान नंतर येतं, छत्रीसारखं एकच. आपण खातो तो हा न उमललेला फुलोरा. सुरणाला, अळूला जी खाज असते तीच याला. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते जिभेला नि घशाला अक्षरशः टोचतात. म्हणजे नीट केलेली भाजी विषारी नाही, पण नीट केली नाही तर त्रास देणारच, आणि प्रत्येक वर्षी देणार.

मावशींनी मला शेवळं साफ करायला शिकवली तो दिवस आठवतो. त्यांनी एक शेवळ उचललं, बाहेरचं जांभळट तपकिरी आवरण बोटाने उलगडलं, आत दांडा, आणि त्या दांड्यावर जो पिवळसर कणीदार भाग असतो तो अंगठ्याच्या नखाने खटकन मोडून बाजूला टाकला. "ह्यो खाजरा. ह्यो गेला की निम्मं काम झालं." मग म्हणाल्या हाताला तेल लाव आधी, आणि मी लावलं नव्हतं म्हणून संध्याकाळपर्यंत माझी बोटं चुरचुरत होती. तर पहिलं तेल, दुसरं तो पिवळा भाग पूर्ण काढायचा, तिसरं बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं, आणि चौथं आंबट. काकडं ठेचून पाण्यात उकळायची, ते पाणी गाळून भाजीत घालायचं आणि त्यातच भाजी शिजू द्यायची. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ किंवा आमसुलं, पण हात सैल सोडून घाला, पळीभर कोळाने भागत नाही. आणि भाजी बोटाने दाबल्यावर लोणी व्हायला हवी, अर्धी कच्ची राहिली तर काकडंसुद्धा वाचवणार नाहीत. व्हिडिओत सगळं सात मिनिटात होतं, प्रत्यक्षात नुसतं साफ करायलाच अर्धा तास जातो.

सीकेपी घरांमधे यात सोडे नाहीतर कोलंबी नाहीतर खिमा घालतात, आमच्याकडे सोललेले वाल. दोन्ही सुरेख लागतं.

यापुढे कधी घसा खाजलाच तर आमसूल किंवा चिंच चघळा, बहुतेकवेळा थोड्या वेळात कमी होतं, पण ओठ, जीभ सुजायला लागली किंवा श्वास घ्यायला जड जातंय असं वाटलं तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. लहान मुलांना पहिल्यांदा देताना अगदी चमचाभर द्या.

अजून एक मनापासून सांगायचंय. आपण फुलोराच खातो म्हणजे त्या झाडाचं बी धरतच नाही त्या वर्षी. ही शेवळं मुख्यतः आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच उगवतात. मावशी एका जागेवरची सगळी कधीच खुडत नाहीत, काही उमलायला सोडतात, मग ती उमलल्यावर त्यांना सडक्यासारखा वास येतो, माश्या येतात, परागीभवन होतं. तुम्ही गावाकडे स्वतः खुडायला जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, आणि शहरात विकत घेणार असाल तर जुडीमागे दहा रुपयांची घासाघीस नका करू, पहाटे उठून डोंगर चढून आणलेली असते ती.

प्रश्न: आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकळा भरपूर उगवलाय. आई नागपूरकडची, ती तरोटा म्हणते आणि रोज आण म्हणते. पण त्यात दोन वेगळी झाडं वाटतायत, एकाची पानं टोकदार आहेत. दोन्ही चालतील का? (पुणे)

नाही! बरं झालं विचारलंत, आणि तुमची नजर चांगली आहे.

टाकळा आणि तरोटा एकच. त्याच्या एका देठावर पानांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि पान टोकाला गोल, म्हणजे देठाकडे निमुळतं आणि वर रुंद. संध्याकाळी ती पानं जोडीजोडीने मिटतात, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बघा, सगळा प्लॉट झोपलेला दिसेल, मुलांना दाखवण्यासारखं आहे. शेंगा नंतर येतात त्या बारीक, लांब आणि विळ्यासारख्या वाकड्या.

टोकदार पानाचा तो कासविंदा, काही जण रानटाकळा म्हणतात आणि या नावामुळेच घोटाळा होतो. त्याला जोड्या जास्त, चार-पाच, पान भाल्यासारखं टोकाला निमुळतं, आणि चुरगळलं की उग्र वास. त्याच्या शेंगा आणि बिया विषारी आहेत आणि हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं थंडीच्या दिवसात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, आधी सगळ्यांना मेंदूज्वर वाटायचा, मग डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की मुलं खेळताखेळता याच झाडाच्या शेंगा खातायत, आणि त्याने यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर परिणाम होतोय. तर तुमच्या प्लॉटवरचा कासविंदा शेंगा धरायच्या आत उपटून टाकलात तर सोसायटीतल्या मुलांसाठी चांगलंच.

टाकळा मात्र खुशाल खा, पण कोवळा. वीतभर वाढलेला असतो तेव्हा शेंड्याची पानं खुडायची, फुलं आल्यावर तो निबर आणि कडवट होतो. आईंना सांगायची गरज नाही पण बाकी वाचकांसाठी लिहिते: लसूण चांगला आठ-दहा पाकळ्या ठेचून, कांदा, हिरवी मिरची, वाटीभर भिजवलेली तूर किंवा चण्याची डाळ, त्यावर चिरलेला टाकळा, झाकण न ठेवता परतायचा, शेवटी ओलं खोबरं. विदर्भात खोबरं न घालता तिखट करतात, तेही झकास. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा, बिया वाटून लेप लावायची पद्धत जुनी आहे. बिया भाजून कॉफीसारखी पूडही करतात. मात्र भाजी खाल्ली म्हणून गजकर्ण जाणार नाही, लेप वेगळा आणि भाजी वेगळी, हे लोक फार मिसळतात.

आणि रोज कशाला? आठवड्यातून एकदोनदा पुरे, पोटाला सारक आहे तो. प्लॉटवर कोणी तणनाशक मारलंय का, गटार फुटलंय का, ते वॉचमनला विचारून मगच खुडा.

प्रश्न: माझं वय ६२, शुगरची गोळी चालू. कोविडपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतोय, बाल्कनीतच वेल लावलाय. मुलगी म्हणते लिव्हरला वाईट, मित्र म्हणतो अमृत आहे. कोणाचं ऐकू? (डोंबिवली)

मुलीचं ऐका आणि या आठवड्यात लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.

गुळवेलीचं दुसरं नाव अमृता आहेच, तापात तिचा काढा देण्याची पद्धत फार जुनी आहे आणि मी ती नाकारत नाही. पण ताप आला की चार दिवस काढा हा वापर झाला, आणि चार वर्षं रोज काढा हा वापर कुठल्याही आजीने केलेला मी ऐकला नाही. कोविडमधे काय झालं, औषध म्हणून होतं ते रोजचा चहा होऊन बसलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती, पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने तेव्हा हरकत घेतली, त्यांचं म्हणणं की लोकांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात असते. वाद आहे हे खरं. पण आपल्यासारख्याने त्यातून काय घ्यायचं? ज्यांना आधीच यकृताचा त्रास आहे, किंवा ज्यांचं शरीर स्वतःवरच उलटतं असे आजार आहेत, थायरॉइडचे काही प्रकार त्यात येतात, त्यांनी तर स्वतःच्या मनाने हातच लावू नये. आणि तुमच्या बाबतीत वेगळी गोष्ट म्हणजे गुळवेल शुगर कमी करते आणि गोळीही कमी करते, दोन्ही मिळून एखाद्या दिवशी भलतीच खाली जाईल. शुगरच्या डॉक्टरांना तुम्ही काढ्याचं सांगितलंय का? पत्रात लिहिलेलं नाही, त्यावरून मला वाटतं सांगितलेलं नाही. सांगा.

वेल खरी का ते मात्र बघून घ्या. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, जुन्या खोडावरची साल कागदासारखी पातळ, ती नखाने सोलली की खाली हिरवंगार, आणि खोड आडवं कापलं तर आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर गाठीगाठी असतात, हात फिरवला तरी कळतं. नर्सरीवाल्याने दिलं म्हणजे तीच, असं धरून चालू नका.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी करटोलीच्या बिया पेरल्या होत्या. एकच वेल उगवला, दरवर्षी जूनमधे आपोआप फुटतो, पिवळी फुलं भरपूर लागतात पण एकही करटोलं नाही. खत कमी पडतंय का? (चिपळूण)

खताचा काही संबंध नाही, तुमचा वेल नर आहे.

करटोलीत नर वेगळा आणि मादी वेगळी, पपईसारखं. फूल नीट बघा. मादीच्या फुलाखाली इवलंसं काटेरी करटोलं आधीपासूनच दिसतं, हरभऱ्याएवढं. नराच्या फुलाखाली नुसता देठ असतो आणि त्यावर एक पानासारखा पदर. आपल्याकडे अशा वेलाला वांझ करटोली म्हणतात, जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांतही वंध्या कर्कोटकी असं नाव आहे, म्हणजे त्या लोकांनी दोन वेल वेगळे आहेत हे पाहिलं होतं, तसं का, ते मात्र आपल्याला नंतर कळलं. त्याच्या कंदाला औषधात स्वतंत्र जागा आहे, तेव्हा उपटू नका बिचाऱ्याला. त्याच्याशिवाय मादीलाही फळ धरणार नाही.

बियांचा त्रास असा की एकतर त्या सहज रुजत नाहीत, आणि रुजल्या तरी नर का मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून कंद आणायचा. आत्ता जुलै-ऑगस्टमधे गावात कोणाच्या कुंपणावर करटोली लागलेल्या दिसतील तर त्या वेलाला सुतळी बांधून खूण करून ठेवा, मालकाला सांगून ठेवा, थंडीत वेल वाळला की खालचा कंद काढून आणून आपल्याकडे पुरा, पुढच्या जूनमधे फुटेल. एका नरावर आठ-दहा माद्या आरामात धरतात. फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे किडे कमी येत असतील तर तिन्हीसांजेला नर फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच फिरवायचं, मी हे स्वतः करते आणि आठवड्याभरात करटोलं फुगायला लागलेलं दिसतं. ते बघायला जो आनंद होतो ना, बाजारातून किलोभर आणण्यात तो नाही.

प्रश्न: इथे न्यू जर्सीत आमच्या बॅकयार्डमधे घोळ उगवलीय असं आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती लगेच म्हणाली कर भाजी. पण इथले शेजारी त्याला तण म्हणून फेकतात. खाऊ का? (न्यू जर्सी)

घोळच असेल तर खा, ती जगभर उगवते आणि भूमध्य समुद्राकाठचे लोक सॅलडमधे कच्ची खातात. खात्री अशी करा: देठ लालसर आणि रसरशीत, पानं जाडसर चमच्यासारखी, आणि मोडल्यावर पाण्यासारखा रस. तिच्याच शेजारी जमिनीसरपट एक दुधी उगवते, लांबून सारखीच दिसते, पण पानं पातळ आणि मोडलं की पांढरा चीक येतो. चीक आला की फेकायचं, तो अंगाला लागला तरी आग होते. आणि तुमच्याकडे लॉनवर फवारण्या फार करतात, शेजाऱ्याने केली असेल तरी वाऱ्याने येते, तेव्हा त्या कडेची घेऊ नका.

आईच्या पद्धतीने मुगाची डाळ घालून, नाहीतर ताकातली. मुतखड्याचा त्रास असेल कोणाला तर त्यांना नको, ऑक्झलेट भरपूर असतं. ताकातली करायची ती त्यासाठीच असं माझी आजी म्हणायची, ताकाने घोळ बाधत नाही म्हणे.

प्रश्न: आमची आजी कडू कंद टोपलीत भरून ओढ्यात ठेवायची आणि मग खायला द्यायची. आता गावाजवळ मला तसेच कंद मिळालेत, कुकरला लावून शिट्ट्या केल्या तर चालेल का, ओढा कुठून आणू फ्लॅटमधे? (नाशिक)

नका करू. प्लीज.

तुमच्या आजीला माहीत होतं ते पूर्ण लिहिते म्हणजे नका का म्हणतेय ते कळेल. रानातले हे कंद एका घराण्यातले पण बरेच प्रकारचे. करांदे, जे वेलावर बटाट्यासारखे लटकतात, त्यांतले गोडे नुसते उकडून मीठ लावून खातात, कोकणात घरोघरी. चाईचा कंद खातात आणि तिचा मोहोरही भाजीला येतो बाजारात. पण कडू जातींमधे जी द्रव्यं असतात त्यांतली काही यकृताला घातक, काही मज्जासंस्थेला, झटके येण्यापर्यंत. ती नुसत्या उष्णतेने जात नाहीत, पाण्यात उतरवावी लागतात. म्हणून बायका काय करतात, कंद सोलून पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकळतात, पाणी फेकतात, मग टोपलीत भरून वाहत्या पाण्यात रात्रभर, कधी जास्तही, ठेवतात, सकाळी एक चकती चावून बघतात, कडू लागली तर परत पाण्यात. ओढा यासाठी की पाणी सतत बदलत राहतं. कुकरमधे नेमकं उलटं होतं, जे बाहेर जायला हवं ते सगळं आतच कोंडून राहतं. बांबूच्या कोवळ्या कोंबांचंही असंच, वास्ते म्हणतो आपण, चिरून भिजत घालायचे, पाणी बदलत राहायचं, मग झाकण न ठेवता उकळून तेही पाणी टाकायचं, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. पण कोंब ओळखायला सोपा तरी आहे. कंद तसा नाही.

दुसरं भय त्याहून मोठं. तुम्ही लिहिता "तसेच कंद". वेल वाळल्यावर जमिनीतून काढलेला कंद कुणाचा ते नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. कळलावीचा कंदही रानात असाच सापडतो. कळलावी तुम्ही पाहिली असणार, पावसात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, पानाचं टोक कुरळं होऊन आधाराला पकडतं. तिचा कंद नांगराच्या आकाराचा वाकलेला असतो म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी तो कंद बाईच्या अंगाला बाहेरून बांधायचे, नाव त्यावरूनच पडलं. पोटात गेला तर माणूस जातो. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, थोडं पुरतं.

तुमच्याकडचे कंद कुणी काढले, वेलाची पानं कुणी पाहिली, हे सांगणारं माणूस गावात असेल तर त्यांच्याकडे जा, त्यांच्या हाताने होऊ द्या, तुम्ही शेजारी बसून बघा. तसं कोणी नसेल तर टाकून द्या. आजीच्या हातची चव परत हवीय हे मला कळतं हो, पत्र वाचून माझेही डोळे भरले, पण ती चव ज्याने आली ते अर्धं काम ओढ्यावर व्हायचं.

प्रश्न: भारंगीची भाजी इतकी कडू झाली की मुलांनी तोंडच वाकडं केलं. खोकल्याला चांगली म्हणून मुद्दाम केली होती. (रत्नागिरी)

पानं निबर होती. भारंगी अगदी कोवळी, बोटभर शेंड्याची घ्यायची, चिरून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायची, घट्ट पिळायची आणि मग भरपूर कांदा, लसूण, भिजवलेले वाल किंवा मूगडाळ घालून करायची. थोडा कडवटपणा राहणारच, तो राहावाच, सगळा धुऊन काढला तर गवत खाल्ल्यासारखं लागेल. दमा-खोकल्यात आयुर्वेद भारंगीचं मूळ वापरतो, पान नव्हे, त्यामुळे भाजी ही भाजी म्हणूनच करा आणि मुलांचा खोकला आठवड्यावर गेला असेल तर डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: मी नववीत आहे. शाळेत प्रोजेक्ट आहे, "आमच्या परिसरातील औषधी वनस्पती". नेटवरून उतरवायचं नाहीये, आजीला विचारायचंय. आजी खूप बोलते पण लिहायचं काय तेच कळत नाही. (जुन्नर)

तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण ते मला सगळ्यात आवडलं.

आजीला "हे कशावर चालतं" हा प्रश्न पहिला विचारू नकोस, त्याने ती एका शब्दात उत्तर देईल, पोटावर, तापावर, आणि तुझी वही भरेल पण हाताला काही लागणार नाही. तिला विचार कुठल्या महिन्यात आणायचं, पहिल्या पावसाआधी का नंतर. झाडाचा कुठला भाग, पान, साल, मूळ, आणि कोवळा का जून. किती पाणी बदलायचं, कशात शिजवायचं, सोबत काय घालायचं. कोणी खायचं नाही, गरोदर बाईने, लहान मुलाने? आणि याच्यासारखं दिसणारं पण न खायचं असं दुसरं काय आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. नाव आजी उच्चारते तस्संच लिही, पुस्तकी करू नकोस, शेजारच्या गावात नाव वेगळं असेल तर तेही लिही. झाडाची फांदी फुलासकट जुन्या पेपरमधे दाबून ठेव, तारीख आणि जागा लिहून, म्हणजे पुढे कुणालाही खात्री करता येईल. आणि औषध करून बघायचं नाही बरं का, फक्त लिहायचं.

तुमच्याच जिल्ह्याच्या शेजारी, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुला माहीत असतील, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी शाळा पाहिली नव्हती, घरातली गावठी बियाणी जपली आणि कुठलं कधी पेरायचं, कसं राखायचं ते डोक्यात ठेवलं, लोक आता ते शिकायला त्यांच्याकडे जातात. ऑगस्टमधे ९ तारखेच्या आसपास, जागतिक आदिवासी दिन असतो तेव्हा, कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, जवळपास असेल तर आजीला घेऊन जा, ती तिथे कोणाशी काय बोलते ते नुसतं ऐक.

सुरुवात हिरड्यापासून कर. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा घरोघरी वेचतात, आजीनेही वेचला असेल. एकाच झाडाचं फळ अगदी कोवळं असताना वाळवलं की तो बाळहिरडा, जरा वाढल्यावर चांभारी हिरडा, आणि पूर्ण पिकलेला तो सुरवारी, तिघांचे भाव वेगळे आणि वापरही वेगळे. बाळहिरडा कधी वेचायचा ते झाडाकडे बघून कसं कळतं, हे आजीला विचार आणि तिचं उत्तर मला पाठव.